रिमोट कोणाच्या हाताचा?

दिवाळी जवळ आली की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : पोरांसाठी कोणता कन्सोल घ्यायचा? मग धडाधड उत्तरं येतात. चित्र कशावर चांगलं दिसतं, क्रिकेटचा खेळ कशावर चालतो, हप्ता किती बसेल, नागपूरला सीताबर्डीत काय भाव सांगतात. पण जी वस्तू हातात धरून आपण तासन् तास बसणार, तिच्याबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही. ती वस्तू म्हणजे कंट्रोलर. आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत त्याला 'रिमोट'च म्हणतात, म्हणून मीही अधूनमधून तसंच म्हणणार आहे.

माझं घर पांढुर्ण्याचं आणि आजोळ सौंसरचं. नोकरी नागपूरला. यंदा सौंसरच्या घरी आम्ही सगळ्या मामे-मावस भावंडांनी पैसे जमवून एक कन्सोल घ्यायचं ठरवलं. एकच कन्सोल, आणि खेळणारे आठ वर्षांच्या भाचीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत. त्यातच आमचा बारा वर्षांचा धाकटा मामेभाऊ. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळची आणि मधलं, कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाकीचे खेळायला बसले की तो मागे उभा राहतो आणि "डावीकडे घे, डावीकडे" सांगत बसतो. रिमोट हातात दिला तर म्हणतो, "मले नाही खेळाचं, मी पाहतो."

घरातला एक जण कायमचा मागे उभा राहणार असेल, तर सगळ्यांनी पैसे घालून घेतलेल्या वस्तूचा अर्थ काय? म्हणून ठरलं, आधी रिमोट पाहायचे, मग कन्सोल. ते काम माझ्याकडे आलं.

आकार बदलत गेला, कारण हात बोलत गेले

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना आठवत असेल, टीव्हीला जोडायचा तो कॅसेटवाला व्हिडिओ गेम. त्याचा रिमोट म्हणजे एक चपटी आयताकृती पट्टी. डावीकडे अधिकाच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं. आपल्याकडे मिळणारे बहुतेक संच जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होते. ते अधिकाच्या चिन्हाचं बटण गुनपेई योकोई या निन्टेन्डोच्या डिझायनरचं. १९८२ साली डॉन्की काँगच्या हातात मावणाऱ्या छोट्या खेळासाठी त्यांनी ते बनवलं. एका अंगठ्याने चारही दिशा, आणि कुठे दाबतोय ते खाली न पाहता कळतं. आजच्या बहुतेक कंट्रोलरवर ते कोणत्या ना कोणत्या रूपात आहेच.

त्या पट्टीची अडचण तिच्या कोपऱ्यांत होती. तासभर खेळलं की ते तळहातात रुतायचे. १९९० साली एका अमेरिकी डॉक्टरने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ३५ वर्षांच्या बाईची हकीकत लिहिली होती. सलग पाच तास निन्टेन्डो खेळून तिचा उजवा अंगठा भयंकर दुखायला लागला होता. डॉक्टरांनी त्या दुखण्याला गमतीने 'निन्टेन्डिनायटिस' असं नावही दिलं.

त्याच वर्षी सुपर फॅमिकॉम आला. त्याच्या रिमोटचे कोपरे गोल झाले आणि वरच्या कडेला दोन नवी बटणं आली. तोवर नुसती खालून आधार देणारी तर्जनी पहिल्यांदा कामाला लागली. १९९४ च्या डिसेंबरमध्ये सोनीचा पहिला प्लेस्टेशन निघाला. त्याचा रिमोट तेयू गोतो यांनी आखला. त्यांनी खाली दोन मुठी काढल्या. रिमोट चिमटीत धरायची वस्तू राहिली नाही, मुठीत धरायची झाली. वजन बोटांच्या टोकांवरून तळहातावर आलं. त्रिकोण, गोल, फुली, चौकोन ही चिन्हंही त्यांचीच.

सगळेच प्रयोग जमले नाहीत. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ च्या रिमोटला तीन मुठी होत्या आणि मधल्या मुठीवर फिरवायची काडी. त्यावरच्या मारिओ पार्टी या खेळात ती काडी जोरजोरात गोल फिरवायची असे. मुलं ती अंगठ्याऐवजी तळहाताने फिरवू लागली आणि हाताला फोड आले. शेवटी २००० साली कंपनीला अमेरिकेत मुलांसाठी हातमोजे द्यायचं कबूल करावं लागलं. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आला. त्याचा रिमोट भलताच मोठा, 'ड्यूक' या नावाने तो ओळखला जातो. जपानसाठी त्यांनी लहान रिमोट काढला. पुढे तोच लहान रिमोट जगभर चालला, मोठा मागे पडला.

थोडक्यात, कुठला तरी हात दुखला, कुठला तरी पुरला नाही, की आकार बदलला. मग आपल्या घरातले हात मोजायला काय हरकत आहे?

सौंसरची चाचणी

दिवस आपोआपच ठरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. दरवर्षी लोक जखमी होतात. त्यामुळे लहान मुलांना त्या दिवशी सौंसरला आजोळी नेऊन ठेवायची आमच्या घरची जुनी रीत आहे. सकाळी तान्हा पोळा, लाकडी नंदी घेऊन गल्लीत फेरी, बोजारा गोळा करणं. दुपारी सगळी फौज मोकळी.

माझ्याकडे तीन प्रकारचे रिमोट जमले. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स माझाच. एक्सबॉक्स सिरीजचा ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून आणलेला. आणि निन्टेन्डो स्विच, तो अमेरिकेहून आलेल्या आतेभावाने इथेच ठेवून दिलेला. पहिले दोन ब्लूटूथने लॅपटॉपला जोडता येतात, त्यामुळे चाचणीसाठी कन्सोल लागला नाही. दोन्हींवर गाडी पळवायचा एकच खेळ लावला. प्रत्येकाला वीस मिनिटं, आणि शेवटी एकच प्रश्न : कुठे दुखतं, कुठे पुरत नाही?

तिन्हींची बांधणी आधी सांगते. ड्युअलसेन्स साधारण २८० ग्रॅमचा, म्हणजे दोन मध्यम संत्री हातात धरल्यासारखा. मुठी लांब आणि भरलेल्या. अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही काड्या खाली, एकाच रेषेत. मागच्या बाजूला तर्जनीने ओढायचं बटण असतं, त्याला ट्रिगर म्हणतात. याचा ट्रिगर खेळाप्रमाणे कडक किंवा सैल होतो. धनुष्य ताणलं की बोटाला खरंच ताण जाणवतो.

एक्सबॉक्सचा रिमोट पेन्सिल सेल घातल्यावर वजनाला जवळपास तेवढाच, पण मुठी आखूड. त्याची डावी काडी वर आणि उजवी खाली आहे. डावा अंगठा जिथे सहज टेकतो तिथेच काडी येते, आत वळवावा लागत नाही. २०२० साली हा रिमोट आखताना साधारण आठ वर्षांच्या मुलाचा हात डोळ्यांसमोर ठेवून तो आधीपेक्षा थोडा लहान केला, असं मायक्रोसॉफ्टच्या डिझायनरांनी सांगितलं होतं. मागची बटणं खरखरीत आहेत, घाम आला तरी बोट घसरत नाही. आपल्या मे महिन्यात हे कामाचं आहे.

स्विचच्या जॉय-कॉनची गंमत वेगळी. एका रिमोटचे दोन तुकडे, प्रत्येक हातात एक, प्रत्येकी सुमारे ५० ग्रॅम. दोन हात एकमेकांना बांधलेले नाहीत. एक हात मांडीवर, दुसरा खुर्चीच्या हातावर ठेवून खेळता येतं.

चार हात, चार निकाल

भाचीने आधी ड्युअलसेन्स उचलला, कारण तो पांढरा आणि दिसायला छान. पाच मिनिटांत तिने तो मांडीवर टेकवला. डाव्या काडीपर्यंत अंगठा न्यायचा तर तिची मूठ सुटत होती. एक्सबॉक्सचा तिला नीट बसला. जॉय-कॉन आडवा धरून ती सगळ्यांत खूश. तिच्या एवढ्याशा हाताला तो बरोबर पुरतो.

मामांचा हात म्हणजे फावडं. सारा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. आडवा जॉय-कॉन त्यांच्या बोटांत दिसेनासा झाला. म्हणाले, "हे त काडेपेटी वाटून राह्यली हातात." एक्सबॉक्सच्या मुठीवरून त्यांची करंगळी खाली लोंबत होती. ड्युअलसेन्सची लांब मूठ मात्र चारही बोटांना पुरली. वीस मिनिटांचे त्यांनी पाऊण तास केले, तेव्हा मामी चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

आजीच्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखतं, वाकत नाही. "माहा अंगठा नाही वाकत बाई तेवढा," म्हणत तिने दोन्ही मोठे रिमोट परत केले. स्विचवर स्पोर्ट्सचा खेळ आहे, त्यात बोलिंग आहे. एक तुकडा हातात धरून बटण दाबायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणून बटण सोडायचं. अंगठ्याला फिरवाफिरवी नाही. चेंडू सोडायची वेळ तिसऱ्या खेपेला जमली आणि मग तिने कोणाला लवकर उठू दिलं नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला ड्युअलसेन्सची सवय आहे, पण तासाभराने डावा अंगठा आखडतो. एक्सबॉक्सवर तो कमी आखडला. काडीची जागा दोन-अडीच सेंटीमीटर वर-खाली झाली तरी तासाभराने हाताला फरक कळतो.

धाकट्याचा ब्रेक

धाकटा दुपारभर मागेच उभा होता. भाचीने त्याच्या हातात एक्सबॉक्सचा रिमोट कोंबला आणि पळून गेली, तेव्हा त्याला बसावंच लागलं.

गाडीच्या बहुतेक खेळांत डाव्या काडीने वळायचं, उजव्या ट्रिगरने वेग वाढवायचा आणि डाव्या ट्रिगरने ब्रेक मारायचा असतो. तो सरळ रस्त्यावर आमच्या सगळ्यांच्या पुढे. प्रत्येक वळणावर मात्र गाडी जाऊन भिंतीला ठोकायची. पोरं हसली. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. डावा ट्रिगर ज्या बोटांनी ओढतात, तीच दोन बोटं त्याला नाहीत. त्याला खेळ येत नव्हता असं नाही. त्याच्या गाडीला ब्रेकच नव्हता.

या खेळात उजवा अंगठा जवळजवळ रिकामाच असतो. सेटिंगमध्ये जाऊन मी ब्रेक डाव्या ट्रिगरवरून काढला आणि उजवीकडच्या बी बटणावर दिला. दोन मिनिटांचं काम. पहिल्या वळणावर त्याने उशिरा दाबला, दुसऱ्यावर बरोबर. तिसऱ्या फेरीत त्याने माझी गाडी मागे टाकली. आता हसायला कोणी उरलं नव्हतं, सगळे "मले दे, मले दे" करत होते, आणि तो रिमोट सोडेना.

नंतर त्याला ड्युअलसेन्सही दिला, त्यावरही ब्रेक उजवीकडे घेऊन. लांब मुठीमुळे तो पकडायला बरा होता, पण काडी खाली असल्याने अंगठा आत वळवला की डाव्या हाताची पकड ढिली व्हायची. आपला हात धड असला की तर्जनी आणि मधलं बोट मागून आधार देतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. त्याच्याकडे तो आधार नाही. एक्सबॉक्सवर अंगठा वर सरळ टेकतो आणि अनामिका-करंगळीत मूठ घट्ट राहते. दोन्ही पुन्हा पुन्हा हातात घेऊन त्यानेच सांगितलं, "ताई, याच्यात माहा हात बसते."

अर्थात सगळे खेळ गाडीचे नसतात. काहींत सगळीच बटणं लागतात आणि रिकामं बटण उरत नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक्सबॉक्समध्ये २०१७ पासून अशी सोय आहे की दोन रिमोट मिळून एकाच खेळाडूचं काम करतात. प्लेस्टेशन ५ मध्येही २०२३ मध्ये तशी सोय आली. म्हणजे धाकटा खेळेल आणि त्याची बहीण दुसऱ्या रिमोटवर फक्त डावीकडची दोन बटणं सांभाळेल. हे ऐकून त्याने आधी तोंड वाकडं केलं. मग अट घातली, "पण ब्रेक मीच मारीन."

दुसरी वाट खास बनवलेल्या कंट्रोलरची. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्यावर हाताच्या पंजाने दाबता येतील अशी दोन मोठी बटणं आहेत आणि मागे एकोणीस भोकं, हेडफोनच्या पिनेसारखी. त्यांत पायाने दाबायचं पेडल, कोपराने दाबायचं बटण, जे जमेल ते जोडता येतं. सोनीचा तसा गोल आकाराचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. हात अजिबात न चालणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. आमच्या धाकट्याला सध्या त्याची गरज नाही. त्याचं काम एका सेटिंगने भागलं, आणि तीन वर्षं आमच्यापैकी कोणी ती उघडून पाहिली नव्हती, कारण तो 'खेळत नाही' असंच सगळे धरून चाललो होतो.

दुकानात गेलात तर

पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, तरी अशा खरेदीला आपली गाडी अजून नागपूरकडेच वळते. बऱ्याच दुकानांत डबा फोडून दाखवत नाहीत. म्हणून आधी मित्राकडे, नातेवाइकांकडे जाऊन रिमोट हातात घ्या. किमान वीस मिनिटं खेळा, दोन मिनिटांत काही कळत नाही. आणि एवढं पाहा :

• मूठ न सोडता अंगठा दोन्ही काड्यांपर्यंत जातो का? लहान मुलांचं बहुतेक इथेच अडतं.

• तर्जनी ताण न देता ट्रिगरवर पोचते का? ती पोचवायला मनगट वाकत असेल तर तो रिमोट तुमचा नाही.

• करंगळीला टेकायला जागा आहे का? मोठ्या हाताचा प्रश्न हा असतो.

• वीज कशी लागते? एक्सबॉक्सच्या रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात, ते कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. कंपनी ४० तासांपर्यंत चालतात असं सांगते. ड्युअलसेन्सची बॅटरी आतच असते, लाइट असताना चार्ज करून ठेवावी लागते.

• बटणांची नावं कोणती? एक्सबॉक्सवर ए बटण खाली आणि बी उजवीकडे. निन्टेन्डोवर नेमकं उलटं. घरात दोन्ही असतील तर पोरांची भांडणं ठरलेली.

• काडी आपोआप सरकते का? जुना रिमोट घेताना हे नक्की पाहा. काडीखालची कार्बनची पट्टी झिजली की हात न लावताही गाडी एका बाजूला ओढते. आता चुंबकावर चालणाऱ्या काड्यांचे रिमोट मिळतात. त्यांत पट्टीला घासणारं काही नसल्याने त्या जास्त टिकतात.

आमचा निर्णय असा झाला. सौंसरच्या घरी एक्सबॉक्स येणार, दोन रिमोटांसकट. मामांना करंगळी सांभाळून घ्यावी लागेल, आणि त्यांना ते मान्य आहे. आजीची बोलिंग स्विचवर चालू राहील, आतेभावाला तो परत मागायची हिंमत होणार नाही. मोठ्या हाताला लहान रिमोट थोडा गैरसोयीचा होतो, पण चालवून घेता येतो. ज्या हाताला रिमोट धरताच येत नाही, त्याला चालवून घ्यायची सोय नसते. म्हणून घरातला सगळ्यांत अडचणीतला हात आधी पाहायचा आणि बाकीच्यांनी त्यात बसायचं, एवढा साधा हिशेब आम्ही केला.

तुमच्याही घरी कोणी मागे उभं राहून नुसतं पाहत असेल, तर या दिवाळीत रिमोट त्यांच्या हातात द्या आणि पाच मिनिटं पडद्याऐवजी त्यांच्या बोटांकडे पाहा. काय अडतंय ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं. आणि तुम्हाला काय सापडलं ते आपल्या मंडळाच्या पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.